नानांची सही

भरिताची वांगी बाजारात आली की जळगावकरांचे चेहरे खुलतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. हिरवी, पांढरट रेघांची, एका हातात न मावणारी वांगी. दर हिवाळ्यात मी ती घेते, घासाघीस करते, वर कांद्याची पात ठेवून पिशवी उचलते, आणि हे सगळं करताना आत छाती धडधडत असते. नवरा म्हणतो, तुला ॲसिडिटी आहे. असेल बापडी. पण ॲसिडिटी वर्षातले तीनच महिने कशी होते, हे त्याला अजून सुचलेलं नाही आणि मीही सुचवलेलं नाही.

यंदा तो गोळा जरा मोठा आहे, कारण टेबलावर एक कागद येऊन पडलाय. मी मुलींना खो-खो शिकवते. शाळेतून निवृत्त व्हायला तीन वर्षं उरली, गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी मैदानावर गेल्याशिवाय जेवण जात नाही. माझ्याकडे प्रज्ञा नावाची चौदा वर्षांची मुलगी खेळते. यावलकडची आहे, इथे मावशीकडे राहते. तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका अकादमीने मागितलंय. राहणं, खाणं, शाळा, बूट, सगळं त्यांचं. आमच्या मंडळाने फक्त ‘आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायचं, आणि खाली सही माझी लागते.

त्यावरून आमच्या मंडळाच्या सभेत दोन तास वाद झाला. एक जण म्हणाला, चार वर्षं आपण तिला धावायला शिकवलं आणि आता ट्रॉफी त्यांच्या कपाटात जाणार. दुसरी म्हणाली, अहो, पोरीचं भलं होत असेल तर अडवणारे आपण कोण. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून पाणी पीत होते. लोकांना वाटलं मॅडम शांतपणे ऐकून घेतायत. मॅडम घाबरल्या होत्या. हाच वाद मी एकदा ऐकलेला आहे, अगदी याच शब्दांत, फक्त तेव्हा तो माझ्यावरून चालला होता.

तो हिवाळा ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचा. आम्ही असोद्याला राहायचो आणि मी अकरावीला जळगावात जायची. गावातल्या जुन्या शाळेच्या मागे आमचं मैदान होतं. आमच्याकडची जमीन काळी, कापसाची; पावसाळ्यात चिखल आणि नंतर भेगा, भेगेत पाय गेला की घोटा गेलाच. म्हणून दिवाळी झाली की तापीकाठची मऊ माती बैलगाडीने यायची आणि आम्ही पोरी ती चाळायचो, पसरायचो, पाणी मारून धुमसाने चोपायचो. जिने माती चाळली नाही तिने त्या हिवाळ्यात धावायचं नाही, हा नानांचा नियम होता. डॉक्टरांची मुलगीसुद्धा त्यातून सुटली नव्हती. आठवडाभर आमच्या केसांतून माती निघायची आणि घरोघरी आया नानांच्या नावाने बोटं मोडायच्या.

नाना म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गळ्यात करड्या रंगाचा मफलर, त्यावर शिट्टी. त्यांना स्वतःला कधी धावताना कुणी बघितलं नव्हतं, पण रांगेत बसलेल्या आठ जणींपैकी कोणाची टाच उचललेली आहे हे ते लांबून सांगायचे. पुढे पुढे डोळे अधू झाले. मग ते चालवत असलेल्या गावच्या खो-खो मंडळाची पत्रं मी लिहू लागले, कारण माझं अक्षर बरं होतं. मी लिहून वाचून दाखवायची, नाना सही करायचे आणि पोस्टाच्या पेटीत मीच टाकायची. या एवढ्याशा कामाचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

आणि मी भित्री होते. साधीसुधी नाही, नामांकित. कुत्र्याला भ्यायची, आडात वाकून बघायला भ्यायची, गणिताच्या सरांचं खाकरणं ऐकून पाढे विसरायची. घरात सगळे चिडवायचे. पण खो-खोत पळणाऱ्या गड्याला भीती लागते, हे शोधून काढलं नानांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी सुलभाला माझ्यामागे सोडलं. सुलभा त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि मैदानात नुसती वाघीण. तिचं पाऊल मागे वाजलं की माझ्या मानेवर काटा यायचा आणि पाय आपोआप वळायचे. मागे न बघता मला कळायचं की ती दोन हातांवर आहे की एका. साखळी खेळत मी रांगेतून आतबाहेर सटकत राहिले आणि शेवटी सुलभाच दमून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. नाना म्हणाले, “हिला भीती ऐकू येते. हिला पळतीत घ्या.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भित्रेपणाचं कोणीतरी कौतुक केलं होतं.

आज माझ्याकडच्या मुलींना मी हे सांगत नाही. ‘घाबरू नका गं’ असंच सांगते, सगळे शिक्षक सांगतात तसं. धडधडीत खोटं बोलते.

त्या वर्षी पौषाच्या सुरुवातीला धुळ्याला सामने होते. धुळ्याची थंडी ज्याने खाल्ली त्यालाच माहीत. पांझरेकडून वारा यायचा आणि हाफपँटमधले गुडघे निळे पडायचे. माझ्या मायचं माहेर दोंडाईचाचं, त्यामुळे तिच्याकडच्या चार-पाच बायका लुगड्याचे पदर डोक्यावर घेऊन सामना बघायला आल्या होत्या. मी पळत होते तेव्हा त्यांच्यातल्या एकीचा आवाज कानावर आला, “हाई पोर काय हातमां येत नई, माय.” मला तेवढंच ऐकू आलं. बाकी सगळा वेळ मागच्या पावलांचाच आवाज. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा मी अजून नाबाद होते आणि मला रडू येत होतं. जिंकल्याचं रडू आहे असं सगळ्यांना वाटलं. ते भीतीचं होतं. मी थांबले होते तरी पाय थांबले नव्हते.

तिथेच मला साळवीबाईंनी पाहिलं. त्या मुंबईतल्या एका महिला संघाच्या व्यवस्थापक होत्या. कापलेले केस, पुरुषी घड्याळ, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सामना संपल्यावर त्यांनी माझं नाव आणि पत्ता विचारून घेतला. आणि पुढच्याच रविवारी, न कळवता, नवऱ्याला घेऊन त्या असोद्याला आमच्या दारात उभ्या राहिल्या.

आता आमच्या गावात बाहेरगावचं एक जोडपं, रविवारी सकाळी, ज्या घरात सतरा वर्षांची मुलगी आहे त्या घराचा पत्ता विचारत आलं, तर गाव काय समजेल? शेजारच्या सिंधूकाकू मागच्या दाराने धावत आल्या. “काय व, मुंबईचे पाव्हने आले नं पोरीले पाहाले! आन् तू आशीच बसली?” माय गडबडली. पाच मिनिटांत मला काकूंची मोतिया साडी नेसवली, केसांत अबोलीचा गजरा खोवला आणि पोह्यांचा ट्रे हातात दिला. माझे आबा एसटीत कंडक्टर. समोरच्या माणसाला कुठे जायचं हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, पण त्या दिवशी तेही मुकाट्याने टोपी घालून बसले होते.

मी ट्रे ठेवला. साळवीबाई म्हणाल्या, “भिंतीला टेकून उभी राहा गं.” पर्समधून टेप काढून त्यांनी माझी उंची मोजली. मग म्हणाल्या, “इथून दारापर्यंत चालून दाखव.” मी चालले. “साडी जरा वर घे, घोटे बघू देत.” दाराआडून मायचा श्वास मला ऐकू आला. ती पुढे आली, पदर सावरून धीटपणे म्हणाली, “ते सगळं ठीक शे. पन पोऱ्या काय करस?” साळवीबाईंना कळेचना. “कोणता पोऱ्या?” त्यांनी विचारलं. आबांच्या डोक्यात उजेड पडला तेव्हा ते इतके हसले की टोपी पडली. हा किस्सा आमच्याकडे कितीतरी वर्षं लग्नकार्यात सांगितला जायचा आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे.

मी मात्र तेव्हा हसले नव्हते. उंची, घोटे, चाल. बघायचं तेच बघतात, म्हटलं. नवऱ्याकडचे बघोत की संघाचे, पसंत पडलं की घर सोडायचं आणि नाही पडलं की मान खाली घालायची. माझे तळहात ओले झाले होते आणि ते काकूंच्या साडीला पुसले म्हणून नंतर बोलणीही बसली.

साळवीबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. मुलीला आम्हाला द्या. आमच्या वसतिगृहात राहील, कॉलेजात जाईल, दोन-तीन वर्षांत नोकरीला लावू. मंडळाला नवे खांब आणि मुलींना नवा गणवेश देऊ. मंडळाचा ना-हरकतीचा कागद मात्र संक्रांतीच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर वर्ष जाईल. आबा हरखून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत तिकीट काढणाऱ्या प्रत्येक माणसाला कळलं की कंडक्टरची पोरगी मुंबईला चालली. यावलपर्यंत बातमी गेली म्हणे.

मंडळाची बैठक झाली ती भरिताच्या पार्टीत. आमच्याकडे महत्त्वाचं काहीही असलं की आधी वांगी भाजतात. भर दुपारी, एका सभासदाच्या शेतात, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या रचून त्यावर वांगी टाकली होती. धूर सरळ वर न जाता बसलेल्या माणसांच्या डोळ्यांत जायचा. आम्ही पोरी लसूण-मिरच्या सोलत होतो आणि मोठी माणसं माझ्याबद्दल बोलत होती. मी तिथेच होते, दहा हातांवर, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

ज्यांचं शेत होतं ते केळीवाले भाऊ म्हणाले, “पाठवून द्या. आपन केळी इथं पिकेपर्यंत ठेवतो का? हिरवी आसतानाच घड काढतो आन् वॅगनमधी भरतो. पिकतात ते तिकडं दिल्लीले.” त्यावर नाना उसळले. “आणि वॅगन दोन दिवस यार्डात पडून राहिली की काय होतं तेही सांगा ना. चार वर्षं मी तिला वळायला शिकवलं. अजून सूर मारता येत नाही तिला. तिकडे नेऊन बाकावर बसवतील. पुढच्या वर्षी राज्याचे सामने आहेत, निदान तोपर्यंत राहू दे आपल्याकडे.” भाऊ हसून म्हणाले, “नाना, खरं सांगा, पोरीची काळजी का सामन्याची?” उलथून टाकलेलं वांगं फुटून चर्र झालं. शेवटी ठरलं की निर्णय नानांनीच घ्यायचा, सही त्यांची, डोकं त्यांचं.

त्या दुपारी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन पुऱ्या खाल्ल्या आणि मागे जाऊन ओकले. ठेवतील याची भीती की सोडतील याची, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. ठेवलं तर आबांचं तोंड कसं बघणार? सोडलं तर मी कशी राहणार? आत्ता कळतं ते असं, की तिथे बसलेल्या बारा माणसांपैकी एकाने जरी मान वळवून विचारलं असतं, तुला काय वाटतं गं, तर मी नक्कीच खोटं बोलले असते. मी म्हणाले असते, जाते ना. कारण घाबरले म्हणायला फार धीर लागतो आणि तो माझ्यात नव्हता.

दोन दिवसांनी नानांनी मला घरी बोलावलं. ओट्यावर ऊन आलं होतं. सुलभा दळण आणायला गेली होती आणि नानांच्या मंडळींचं भांडी घासणं मागे चाललं होतं. नाना म्हणाले, “कागद लिही.” मी विचारलं, “काय लिहू?” ते म्हणाले, “आमची हरकत नाही, असं लिही.” मी लिहिलं. नेहमी ते वाचून दाखव म्हणायचे, त्या दिवशी म्हणाले नाहीत. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्यांनी सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले आणि मग म्हणाले, “भाऊंचं बरोबर होतं. मला तू संघात हवी होतीस म्हणून मी तुला कच्ची म्हणत होतो. जा. आजच टाक पोस्टात.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डोळे अधू होते, उन्हाने येत असेल, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

पोस्टाची पेटी चौकात होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि लिफाफा तिच्या तोंडाशी नेला. माझा हात आत गेला आणि लिफाफ्यासकट परत आला. इतक्या साध्या गोष्टीला इतकी भीती कशी वाटू शकते हे ज्याला कधी वाटली नाही त्याला मी समजावून सांगू शकणार नाही. मला गाडीत बसलेली मी दिसले. वसतिगृहातल्या पलंगावर बसलेली दिसले, आजूबाजूला माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा चटपटीत मुली. पहिल्याच सामन्यात, अर्ध्या मिनिटात बाद झालेली दिसले. आणि मग ट्रंक घेऊन असोद्याच्या थांब्यावर उतरलेली, आणि आबा त्याच गाडीचे कंडक्टर. इथल्या मातीत, इथल्या पोरींपुढे मी नाबाद होते. ती माती मी स्वतः चाळली होती, तिच्यात मला काही होणार नाही असं मला वाटायचं. मुंबईची माती कोण चाळतं, मला काय माहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी माय गोठ्याकडे गेली होती, मी न्हाणीशी बसून पाणी तापवायच्या बंबात पऱ्हाटीच्या काड्या सारत होते. लिफाफा परकराच्या खिशात होता. मी तो काढला, दुमडला आणि काड्यांबरोबर आत सारला. कागद जळायला काही वेळ लागत नाही. त्याच पाण्याने मी अंघोळ केली आणि जळगावला कॉलेजात गेले. तिथे पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि माझ्या त्याच बऱ्या अक्षरात, मंडळाच्या वतीने, साळवीबाईंना लिहिलं की मंडळाची परवानगी मिळू शकली नाही, क्षमा असावी. मंडळाची पत्रं याच अक्षरात जायची, त्यामुळे बाईंना शंका यायचं कारण नव्हतं. कार्ड टाकताना हात अजिबात थरथरला नाही. त्याचीच मला नंतर जास्त भीती वाटली.

संक्रांत झाली, बोलावणं आलं नाही. आबा रोज विचारायचे. एका संध्याकाळी मी सांगून टाकलं, “नानांनी सही नाही केली.” मला वाटलं होतं आबा थोडं चिडतील आणि विसरतील. आबा तसेच चपला घालून निघाले. मला हाताला धरून बरोबर घेतलं. वाटेत मी दोनदा म्हटलं, राहू द्या ना आबा. त्यांना ते माझं मोठं मन वाटलं.

नाना ओट्यावर मफलर गुंडाळून बसले होते. सुलभा दारात तांदूळ निवडत होती. आबा खालूनच म्हणाले, “नाना, माह्या पोरीनं तुमचं काय वाईट केलं होतं म्हनावं? सही काहून नाही केली?” नानांनी मान वर केली. तोंड उघडलं. आणि मग आबांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. त्यांना मी नीट दिसत तरी होते की नाही कोण जाणे. पण पाय लटपटत होते माझे, आणि पाय कसे उभे आहेत हे त्या माणसाला कायम कळायचं.

त्यांनी गळ्यातला मफलर घट्ट केला. मग म्हणाले, “हो. नाही केली सही. पोर कच्ची आहे अजून.”

आबा नको नको ते बोलले. स्वतःच्या पोरीला कोणी विचारलं नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं केलं, हेही बोलले. चार माणसं जमली. सुलभा सूप खाली ठेवून उठली आणि तिच्या बापाकडे अशी बघत राहिली की मला ते बघवेना. नाना ऐकत होते. मी तिथे एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. मी बोलले नाही. भीतीने जीभ टाळूला चिकटते म्हणतात, पण माझी काही चिकटली नव्हती. ती मोकळी होती. मीच तिला हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोरी यायच्या आधी नाना मला म्हणाले, “भ्यालीस?” मी मान डोलावली. “मला सांगायचं होतंस. मी ‘नाही’ असं लिहून दिलं असतं,” ते म्हणाले. पुढे या विषयावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. “चल, बस रांगेत,” म्हणाले, आणि शिट्टी वाजवली.

माझं आयुष्य काही मातीत गेलं नाही, हेही सांगायला हवं. मी शिकले, धुळ्याला राहून शिक्षकाची पदवी घेतली, नोकरी लागली, बरा नवरा मिळाला. मुंबईला गेले असते तर फार मोठी खेळाडू झाले असते असंही मला वाटत नाही. सूर मारता येत नव्हता, नाना खरंच सांगत होते. वाटोळं झालं ते त्यांचं. नानांकडे पोरगी पाठवली की अडकली, असं गावात पसरलं. आयांनी पोरी काढून घेतल्या. दोन हिवाळ्यांनंतर तापीकाठची माती आणायला गाडी गेली नाही. आणि सुलभाने तर ओट्यावरच्या त्या भांडणाच्याच आठवड्यात खेळणं सोडलं. मला म्हणाली, “तुझ्यावर त्यांनी अन्याय केला, मी त्यांच्या हाताखाली नाही खेळणार.” माझ्यासाठी तिने बापाशी अबोला धरला. वर्षभर. मी तिला म्हटलं, जाऊ दे गं, इतकं नको. तिला तेही माझं मोठं मनच वाटलं.

नाना जायच्या आदल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “नाना, मी सगळ्यांना सांगून टाकते.” ते म्हणाले, “आता कशाला? तुझ्याकडे पोरी येतात ना खेळायला? त्यांचे आईबाप काय म्हणतील?” आणि मग असोद्याच्या वांग्यांना यंदा कीड फार आहे, असं काहीतरी सांगत बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण खरंच फार बरं वाटलं मला.

सुलभा आता जळगावातच असते. दर हिवाळ्यात एक रविवार आमच्याकडे भरीत ठरलेलं असतं. ती लसूण ठेचता ठेचता न चुकता म्हणते, “आमच्या नानांनी तुझं फार नुकसान केलं गं. माणूस चांगला, पण तेवढं चुकला.” आणि मी म्हणते, जुनं काय उकरतेस. इतकी वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलेय. परवाच्या सभेतसुद्धा प्रज्ञाचा विषय निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालंच, मॅडम, तुमच्या नानांसारखं करू नका. मी पाण्याचा पेला उचलला.

काल मी प्रज्ञाला बोलावलं. सही करायच्या आधी विचारलं, “तुला जायचंय?” ती चटकन म्हणाली, “हो मॅडम.” तिचे अंगठे चपलांत आत वळलेले होते. मी म्हटलं, “घाबरलीस तरी चालेल. घाबरलीस असं सांगितलंस तर मी ‘यंदा नाही’ असं लिहून देईन. नाव माझं खराब होईल, तुझं नाही.” ती खूप वेळ बोटांशी खेळत राहिली. मग रडायला लागली. म्हणाली, “भीती वाटते. पण जायचंय.” मी सही केली. ती डोळे पुसून कागदाकडे बघत होती आणि मग पोरीने विचारलंच, “मॅडम, तुम्हाला तुमच्या सरांनी सोडलं नव्हतं ना? सगळे सांगतात.”

मी म्हटलं, “सोडलं होतं. मीच गेले नाही. घाबरले. आणि त्यांचं नाव सांगितलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, नवल होतं. म्हणाली, “मग हे त्यांच्या घरच्यांना माहितीये?” मी म्हटलं, “नाही.” तिने कागद दप्तरात ठेवला, चेन लावली, आणि “येते मॅडम” म्हणून निघून गेली. मी तशीच बसून राहिले. मंडळाने पोरी ठेवाव्यात की सोडाव्यात यावर माणसं अजून भांडतील, भांडू देत. मला त्यातलं काही सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या कागदावर त्या माणसाने सही केली होती.

सुलभा, हे तू वाचशील. तुझ्यापुढे बसून तोंडाने सांगायचं आजही होत नाहीये, म्हणून आधी छापायला देतेय. नानांनी मला सोडलं होतं. तू तेव्हा दळणाला गेली होतीस. सही माझ्यासमोर झाली, मीच ती जाळली, आणि त्यांच्याशी वर्षभर न बोलता तू जे जेवलीस-झोपलीस ते माझ्यामुळे. येत्या रविवारी यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी घरीच असेन.